ग्रां प्री (पिनबॉल यंत्र)

मोटारशर्यतीच्या विषयावर बेतलेले, नाणे टाकून खेळायचे विद्युत-यांत्रिक पिनबॉल यंत्र. पिनबॉल म्हणजे काचेखालील उतरत्या फळीवर (खेळपाटावर) चेंडू टोलवत गुण मिळवण्याचा खेळ. ते अमेरिकेतील शिकागो येथील विल्यम्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तयार केले. त्याचे उत्पादन सर्वसाधारणपणे डिसेंबर १९७६ मध्ये सुरू झाल्याचे मानले जाते. महिना वर्षअखेरीचा असल्याने ते कधीकधी १९७७ च्या यंत्रांतही गणले जाते, तथापि १९७६ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. यंत्राचा आराखडा स्टीव्ह कॉर्डेक यांचा आणि चित्रे क्रिस्टियन मार्श यांची आहेत. यावर चौघांना आळीपाळीने खेळता येते. दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली, यावरून त्याच्या खपाची कल्पना येते.

खेळपाटाच्या तळाशी असलेल्या दोन फ्लिपरांच्या (बटण दाबताच चेंडूला फटका देणाऱ्या लहान दांड्यांच्या) मांडणीचे श्रेय बहुधा कॉर्डेक यांनाच दिले जाते. मात्र ते काहीसे मर्यादित अर्थानेच खरे आहे. गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ (१९४७) या यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी सहा फ्लिपर बसवले होते. कॉर्डेक यांनी जेन्को कंपनीच्या ‘ट्रिपल ॲक्शन’मध्ये (१९४८) ती संख्या दोनवर आणली, फ्लिपर तळाशी नेले आणि एकदिश विद्युत्‌प्रवाह वापरून त्यांचा जोर वाढवला. परंतु त्या फ्लिपरांची टोके बाहेरच्या बाजूस वळलेली होती. आतल्या बाजूस वळलेली आणि परस्परांजवळ बसवलेली, म्हणजे ‘ग्रां प्री’मध्ये दिसते तशी जोडी प्रथम वेन नेयन्स यांच्या ‘स्पॉट बोलर’मध्ये (१९५०) आढळते. म्हणून रूढ मांडणीचे जनकत्व दोघांत विभागून देणे युक्त ठरेल.

‘ग्रां प्री’चे मुख्य आकर्षण म्हणजे डाव्या व उजव्या मार्गांवरील दोन स्पिनर. आडव्या तारेवर टांगलेल्या पत्र्याला धक्का देऊन चेंडू पुढे गेला की पत्रा गिरक्या घेऊ लागतो आणि प्रत्येक गिरकीला स्विच मिटून गुण पडतात. साहजिकच फटका जितका जोरकस तितकी गुणांची सर लांबते. अशा विद्युत-यांत्रिक यंत्रांत इलेक्ट्रॉनिक स्मृती नसते. पन्नास गुण मिळाले, तर एक लहान मोटर फिरून तिच्या कॅमवरील (उंचवटे असलेल्या चाकावरील) पातळ धातुपट्ट्यांचे स्विच पाच वेळा मिटतात, दहाचे गणकचाक पाच घरे पुढे सरकते आणि प्रत्येक घराला घंटापट्टीवर टोला पडतो. कोणता दिवा लागला आहे, कोणाची पाळी आहे, हे रिले (विद्युतचुंबकाने चालणारे स्विच) आणि पायरीपायरीने सरकणाऱ्या चकत्या ‘लक्षात ठेवतात’. या स्विचांच्या टोकांवर काजळी साचली की गुण चुकू लागतात. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीतला बराचसा वेळ ही टोके घासण्यात आणि पट्ट्यांमधील अंतर जुळवण्यात जातो.

विद्युत-यांत्रिक रचनेच्या अखेरच्या वर्षांतील हे यंत्र होय. विल्यम्सचे ‘हॉट टिप’ (१९७७) हे घोड्यांच्या शर्यतीवरील यंत्र विद्युत-यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही रूपांत निघाले; त्यानंतर कंपनीने इलेक्ट्रॉनिक रचनाच स्वीकारली.