गांजा जुना, खोटं ताजं

अमेरिकेत सरकारी किंवा संरक्षण क्षेत्रातल्या नोकरीसाठी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायचा परवाना, नाकारला गेला, की 'ड्रग्जमुळे गेला' असं सरसकट म्हटलं जातं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. ड्रग्ज घेतले ही एक, आणि घेतले हे लपवलं ही दुसरी. 2017 पासून लागू असलेल्या नियमावलीत ए ते एम असे 13 निकष आहेत. पहिली गोष्ट 'एच'मध्ये येते, दुसरी 'ई'मध्ये, म्हणजे वैयक्तिक वर्तनात. माझ्या मते 'ई' जास्त जड जातं.

ग्रीन कार्डवाल्यांना क्लिअरन्स मिळत नाही, नागरिकत्व लागतं. त्यामुळे आपल्याकडच्या घरांत हा प्रश्न बहुधा तिथेच जन्मलेल्या मुलांना पडतो. समजा, न्यू जर्सीतल्या एका मुलाने कॉलेजात असताना 2021 मध्ये चार-पाचदा गांजा ओढला. आता त्याच्यासमोर क्लिअरन्ससाठी भरायचा एसएफ-86 हा फॉर्म आहे. कलम 23 विचारतं: गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतलेत का? 'हो' म्हटलं की पुढचे रकाने उघडतात. कोणता पदार्थ, पहिल्यांदा कधी, शेवटी कधी, किती वेळा, पुढे घेणार का. महिना नीट आठवत नसेल तर 'अंदाजे' अशी खूण करायची सोयही आहे. शिवाय तिथेच छापलंय, की इथलं खरं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही.

हे न वाचताच एखादे काका सांगतात, "कशाला लिहितोस उगाच? कोणाला कळणारे?"

लिहिलं तर मामला 'एच'चा. तिथे काळ त्याच्या बाजूने असतो. शेवटचं सेवन किती जुनं, ती संगत सुटली का, पुन्हा घेणार नाही असं लेखी देतोस का, हे बघतात. डिसेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनीही कळवलं, की पूर्वीचं गांजासेवन विचारात घ्यावं, पण निर्णय केवळ त्यावर ठरू नये. (आजही चालू असेल तर गोष्ट वेगळी. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात तो बसत नाही.)

काकांचं ऐकलं तर मामला 'ई'चा, आणि इथे काळाचा हिशेब उलटा फिरतो. गांजा 2021 चा, पण खोटं बोलल्याची तारीख फॉर्मवरच्या सहीची. म्हणजे अगदी कालची. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा केंद्रीय गुन्हाही आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तपासनीस जुन्या रूममेटलाही भेटतात. गांजा माफ होऊनही खोटेपणापायी क्लिअरन्स जातो तो असा.

मात्र विसरणं म्हणजे लपवणं नव्हे. 'ई' लागायला हेतू लागतो. सात वर्षांपलीकडचं सेवन असेल, तेव्हा क्लिअरन्स नसेल, तर 'नाही' हे उत्तर खरंच आहे. पण ड्रग्जच्या प्रकरणात कधी आरोप ठेवला गेला असेल तर गाठ कलम 22 शी. तिथे सात वर्षांची मुदत नाही, 'कधीही' असा शब्द आहे. कोर्टाने रेकॉर्ड पुसलं, आता सांगायची गरज नाही, हा समज इथेच अंगाशी येतो. एक अरुंद अपवाद सोडला तर पुसलेलं प्रकरणही लिहावं लागतं.

आपल्याकडेही पोलिसभरतीच्या साक्षांकन नमुन्यात गुन्हा दडवला की असाच पेच पडतो. अवतार सिंग प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ प्रकरणाकडे काणाडोळा करायची मुभा नियोक्त्याला दिली, पण उमेदवाराने माहिती खरीच द्यावी हेही बजावलं.

आणि 'नाही' लिहून सही करून बसलेल्याचं काय? पुरावा समोर ठेवला जायच्या आत, आपणहून, लगेच दुरुस्ती केली तर ती 'ई'मध्ये जमेस धरतात. मुलाखतीत तपासनीसाने रूममेटचं नाव काढल्यावर "अरे हो, राहिलंच" म्हटलं, तर धरत नाहीत.