पार्श्वभूमी : प्रथा धर्माची, निवाडा न्यायालयाचा

भोंगे, हिजाब, मंदिरप्रवेश, समाजातून बहिष्कार. वाद कुठलाही असो, न्यायालयात गेला की एक प्रश्न ठरलेला असतो: ही प्रथा त्या धर्मासाठी अत्यावश्यक आहे का? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या भोंग्यांच्या प्रकरणात हेच सांगितले, की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. बातम्यांतून हा शब्द इतका कानावर पडतो की तो राज्यघटनेतच असेल असे वाटते. पण धर्मस्वातंत्र्याची पंचविसावे (व्यक्तीचे) आणि सव्विसावे (संप्रदायाच्या कारभाराचे) ही कलमे कितीही वेळा वाचा, ‘अत्यावश्यक’ तिथे नाही. तो नंतर आला, आणि ज्या वाटेने आला तिच्यात एक घोळ आहे.

मागची हकिकत थोडक्यात. कंपनी सरकारचे अधिकारी एकेकाळी देवस्थानांच्या कारभारात थेट लक्ष घालत. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले आणि १८६३ च्या कायद्याने सरकारने मंदिर-मशिदींच्या व्यवस्थेतून अंग काढून घेतले. पुढे हिशेबांच्या आणि जमिनींच्या तक्रारी वाढल्या, तसे प्रांतिक सरकारांनी पुन्हा कायदे केले. मद्रास प्रांताचा १९२७ चा कायदा त्यातलाच. म्हणजे राज्यघटना आली तेव्हा पाटी कोरी नव्हती. राज्य आधीच देवळाच्या कचेरीत बसलेले होते, गाभाऱ्यात जायचे की नाही एवढेच ठरायचे होते.

आता तो घोळ. २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत व्यक्तिगत कायद्यांना संरक्षण द्यावे, अशा मागणीवर चर्चा चालू होती. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी उत्तर दिले. त्याचा आशय असा: या देशात धर्माच्या कल्पना इतक्या पसरट आहेत की जन्मापासून मरणापर्यंतची एकही गोष्ट त्यांच्यातून सुटत नाही. ते तसेच मान्य केले तर सामाजिक सुधारणेला जागाच उरणार नाही. म्हणून यापुढे धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मुळातच धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरती आखून घ्यायला हवी. कूळकायदा किंवा वारसाहक्क धर्माने ठरवण्याचे काही कारण नाही.

‘मुळातच धार्मिक’ या शब्दांवर थांबायला हवे. मूळ इंग्रजी भाषणात ते ‘इसेन्शियली रिलिजस’ असे आहेत. हे वर्गवारीचे शब्द आहेत. एखादी गोष्ट धार्मिक की लौकिक, एवढेच ते विचारतात. देवस्थानाच्या इनाम जमिनीवर कुळाने किती खंड द्यायचा हा प्रश्न लौकिक, मग जमीन देवाच्या नावावर का असेना. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावणे मुळातच धार्मिक, त्यात शंका घेण्यासारखे काही नाही. पण प्रश्न असा फिरवला की ‘तुळशीपुढचा दिवा हिंदू धर्मासाठी अत्यावश्यक आहे का?’, की तोच दिवा एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. नाही लावला तर धर्म बुडतो का? कुठल्या ग्रंथात सांगितला आहे? केव्हापासून लावतात? धार्मिक की लौकिक, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामान्य समजुतीने देता येते. अत्यावश्यक की नाही, या दुसऱ्यासाठी न्यायाधीशाला शास्त्री, मौलवी आणि धर्मोपदेशक, सगळेच व्हावे लागते. एका क्रियाविशेषणाचे विशेषण झाले आणि कामच पालटले.

हे एका झटक्यात झाले नाही. १९५४ साली उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. तिथल्या श्रीकृष्णाच्या पूजेचा मान दर दोन वर्षांनी एकेका मठाकडे जातो. त्याला पर्याय म्हणतात. त्या दोन वर्षांतल्या अन्नदानाच्या आणि उत्सवांच्या खर्चापायी मठ कर्जात गेला होता आणि सरकारी खाते मठाच्या व्यवहारात शिरू पाहत होते. निकाल वाचताना बरे वाटते, कारण न्यायालय तपशिलात शिरले पण अधिकार गाजवायला नाही. अमुक वेळी नैवेद्य दाखवायचा, अमुक विधी अमुक पद्धतीने करायचा, रोज पोथीचे पठण किंवा होम करायचा असे संप्रदाय सांगत असेल, तर ते सगळे धर्मातच मोडते. त्यात पैसा लागतो, नोकर लागतात, बाजारातून सामान आणावे लागते, म्हणून ते व्यापार ठरत नाही. खर्च किती करायचा यावर मात्र कायदा नियंत्रण आणू शकतो. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे मुख्यतः त्या धर्माच्याच शिकवणुकीवरून ठरेल, असेही याच निकालात आहे. शब्द इथे आला, पण त्याची किल्ली अजून संप्रदायाच्या हातात होती. आपल्याकडचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, ज्याने धर्मादाय आयुक्त हे पद आणले, १९५४ मध्येच तपासला गेला आणि काही कलमे वगळता टिकला.

किल्ली हातातून गेली ती १९६१ मध्ये, अजमेरच्या दर्ग्याच्या खटल्यात. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती साताऱ्याचे, संस्कृत विद्वानांच्या घराण्यातले. त्यांनी सावधगिरीचा म्हणून एक इशारा जोडला: धार्मिक दिसणाऱ्या काही प्रथा निव्वळ अंधश्रद्धेतून उपजलेल्या आणि मूळ धर्माला बाहेरून चिकटलेल्या असू शकतात, त्यांना संरक्षण मिळणार नाही. हेतू सुधारकाचा होता यात मला शंका नाही, आणि महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ती भाषा ओळखीचीच वाटते. पण अंधश्रद्धेविरुद्ध समाजात बोलणे वेगळे आणि खरा धर्म कोणता याचा निवाडा सरकारी मोहोर लावून देणे वेगळे. दुसरे काम घटनेने न्यायालयाला दिल्याचे मला कुठे दिसत नाही.

आणि ज्याच्या भल्यासाठी हे हत्यार घडवले, त्याच्यावरच ते उलटले, तेही पुढच्याच वर्षी. मुंबई राज्याने १९४९ साली एक कायदा केला होता: कुठल्याही समाजाने आपल्या सदस्याला वाळीत टाकणे बेकायदा. मराठी वाचकाला वाळीत टाकणे म्हणजे काय ते सांगायला नको. लग्नकार्याला कोणी येत नाही, दुकानाची पायरी चढत नाही, आणि घरात माणूस गेला की तिरडीला खांदा मिळत नाही. मुंबईतल्या दाऊदी बोहरा या व्यापारी मुस्लिम समाजाच्या धर्मगुरूंनी या कायद्याला आव्हान दिले. त्या समाजात बहिष्कृताला सामाईक मशीद आणि दफनभूमीही बंद होत असे. १९६२ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने कायदाच रद्द केला. धार्मिक कारणावरून सदस्याला बाहेर काढणे हा समाजाची एकजूट राखण्याचा, म्हणून धर्माच्या कारभाराचाच भाग मानला गेला. असहमत झालेले एकटे सरन्यायाधीश म्हणत होते की असा माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, आणि ते थांबवणारा कायदा ही समाजसुधारणाच आहे. प्रथा धर्मासाठी किती महत्त्वाची याभोवतीच विचार फिरला, की जिला दफनाची जागा नाकारली ती व्यक्ती दुय्यम ठरते. आजही निम्मे वाद इथेच अडतात.

यानंतर निकालांची रांगच लागली. १९६६ मध्ये एका संप्रदायाचा ‘आम्ही हिंदू नाही’ हा दावा फेटाळला गेला आणि त्याची मंदिरे दलितांना खुली झाली. आनंदमार्ग पंथाच्या तांडवाच्या मिरवणुकीचे प्रकरण तर वाचण्यासारखे आहे. १९५५ साली स्थापन झालेल्या या पंथात तांडव १९६६ मध्ये आले, म्हणून ते अत्यावश्यक नाही, असे न्यायालय म्हणाले. पंथाने पुढे ते आपल्या शिकवणुकीत लिहून घेतले. तरीही २००४ मध्ये बहुमताने तेच उत्तर मिळाले: नंतर जोडलेले चालणार नाही. जिवंत धर्म बदलतो, हे या कसोटीला मान्यच नाही.

आपल्या राज्यात २०१६ साली ही कसोटी टाळणारी आणि तिच्यातून जाणारी, अशा दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसल्या. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांनी जाण्याचा प्रश्न १ एप्रिलला उच्च न्यायालयात मार्गी लागला तो १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या साध्या कायद्यावर. सरकारने तो अमलात आणावा, एवढेच. आठवड्याने, पाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला. शनिदेवाला स्त्रियांचे दर्शन चालते का, हे कोणाला ठरवावे लागले नाही. ऑगस्टमध्ये हाजीअलीच्या निकालात मात्र मजारीजवळ स्त्रियांना मनाई ही इस्लामची अत्यावश्यक प्रथा आहे का, याचा शोध घ्यावा लागला. निष्पत्ती दोन्हीकडे सारखीच. पण पहिल्या वाटेत कोणाच्या धर्माची परीक्षा झाली नाही.

२०१८ मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशबंदीविरुद्ध निकाल चार विरुद्ध एक लागला. त्या खंडपीठातल्या एकमेव स्त्री न्यायाधीशच असहमत होत्या. श्रद्धेच्या बाबतीत न्यायालयाने तर्काची फूटपट्टी लावू नये, हे त्यांचे म्हणणे. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, शंका मात्र रास्त वाटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठे प्रश्न वरच्या पीठाकडे धाडण्याचे ठरले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सात मुद्दे आखले.

वाळीत टाकण्याचा विषयही तिथेच पोहोचला. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून बोहरा समाजातल्याच सुधारकांनी १९८६ साली याचिका केली होती. ती पडून असताना जातपंचायती आणि गावक्यांच्या जाचाची प्रकरणे पुढे आली आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याने १९४९ चा जुना कायदा कागदोपत्रीही संपवला. मग याचिकेत उरले काय, असा युक्तिवाद झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो मानला नाही. कायदा गेला तरी माणसाला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार सव्विसाव्या कलमाच्या आड उभा आहे की नाही हे ठरायचे बाकी आहे, असे म्हणून त्यांनी हे प्रकरणही नऊ जणांच्या पीठाकडे पाठवले.