फाशी आणि न्यायालयीन चूक (सोलापूर)

निरपराध माणूस फासावर जाण्याची शक्यता हा फाशीच्या शिक्षेवरचा जुना आणि आजवर कोणालाही खोडता न आलेला आक्षेप आहे. सोलापुरात या विषयाला एक तारीख आहे : १२ जानेवारी १९३१. त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे शहर पेटले. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे यांचा बळी गेला. संतापलेल्या जमावाच्या हातून त्या दिवशी दोन पोलीसही मारले गेले. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल नव्हता. १२ मेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागू झाला. पोलिसांच्या खुनाचा आरोप चौघांवर ठेवण्यात आला. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवीत. चौघेही चळवळीतले, सगळ्या गावाला ठाऊक असलेले. त्यांना गोवण्यात आले, असे सोलापूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. चार पुतळ्यांना दरवर्षी हार घातले जातात. त्या गौरवात पुराव्याचा प्रश्न मात्र मागे पडतो, आणि तो मागे पडू नये. एवढ्या मोठ्या जमावात घाव कोणाचा बसला हे साक्षीदार कशावरून सांगणार? गर्दीत ओळखीचा चेहराच आधी लक्षात राहतो आणि जबाबात त्याचेच नाव आधी येते. जमावाच्या खटल्यात दोन-तीन साक्षीदारांची सुसंगत साक्ष असल्याशिवाय आरोपीला दोषी धरू नये, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मान्य केली.

आज सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. सोलापूरची प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचन सिंग निकालाने ही शिक्षा ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती ठेवली. त्यानंतर अपील, फेरविचार आणि राज्यपाल व राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज.

एवढ्या चाळण्या असूनही चूक निसटते. महाराष्ट्रातील २००३ च्या एका खून व बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. त्यांतील तिघांची जन्मठेप फाशीत बदलून. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्यांच्याविरुद्ध तपासच झाला नाही. सुटलेले सहा जण भटक्या जमातीतले, गरीब. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तोवर सोळा वर्षे गजाआड गेली होती. मधल्या काळात शिक्षा अमलात आली असती, तर त्या फोटोंची गोष्ट कोणाच्याही उपयोगाची उरली नसती.

फाशीच्या बाजूचे म्हणणे हलके नाही. ज्या घरातली मुलगी गेली, त्यांना जन्मठेप अपुरी वाटते आणि तो राग खराच असतो. पण खरा गुन्हेगार मोकळा आणि भलताच माणूस फासावर, यात त्या घरालाही न्याय मिळत नाही. फाशीमुळे खून कमी होतात, हेही कुठे ठामपणे सिद्ध झालेले नाही. डॉ. आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. ब्रिटनमध्ये १९५० साली चुकीने फाशी दिलेल्या टिमोथी इव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली.

विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवादी गुन्हे व देशाविरुद्ध युद्ध वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. कायदा मात्र दुसऱ्या दिशेने गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांच्या गटाने जात, समुदाय, भाषा अशा कारणांवरून खून केल्यास गटातील प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. झुंडबळी रोखणे गरजेचेच आहे. पण गटात नेमके कोण होते, हे इथेही ओळख पटवणाऱ्या साक्षीवरच ठरणार आहे.