लॉट टेस्टिंग (रायफल नेमबाजी)

एकाच बनावटीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट एका ठरावीक रायफलमधून झाडून पाहायचे आणि त्यांतला जो लॉट त्या नळीतून सर्वांत घट्ट ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) देईल तो स्पर्धेसाठी घ्यायचा, या पद्धतीला लॉट टेस्टिंग म्हणतात. ५० मीटर रायफल प्रकारात ती विशेष रूढ आहे. हा प्रकार पॉइंट टू-टू लाँग रायफल (.२२ एलआर) काडतुसावर खेळला जातो. लॉट म्हणजे कारखान्यात एकाच यंत्रावर, एकाच सलग कामात तयार झालेली काडतुसे. त्यांचा क्रमांक प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो. मराठी नेमबाजांच्या तोंडीही लॉट, ग्रुप, फ्लायर (ग्रुपबाहेर गेलेली एखादी गोळी) हेच शब्द आहेत. प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत कोणी पडलेले नाही आणि पडू नये.

एनसीसीच्या कॅम्पात ज्यांनी पोटावर झोपून पाच गोळ्या झाडल्या आहेत त्यांना ‘ग्रुपिंग’ ठाऊक असते: गोळ्या कुठे लागल्या हे नंतर पाहू, आधी त्या एकमेकींच्या जवळ लागल्या का ते सांगा. लॉट टेस्टिंगही एवढेच विचारते. फरक इतकाच की कॅम्पात परीक्षा कॅडेटची असते. इथे माणूस शक्य तितका बाजूला काढून फक्त नळी आणि काडतूस यांची परीक्षा घेतात.

काडतूस निवडावे का लागते

सेंटरफायर काडतुसाच्या बुडाच्या मधोमध प्रायमरची, म्हणजे दारू पेटवणारी, छोटी टोपी वेगळी बसवलेली असते. झाडून झाल्यावर ती काढून नवी बसवता येते, पितळी पुंगळी पुन्हा मापात आणता येते, दारू तोलून भरता येते, नवी गोळी बसवता येते. हेच पुनर्भरण किंवा रिलोडिंग. अमेरिका-युरोपात लांब पल्ल्याचे नेमबाज हे काम चवीने करतात. एफ-क्लाससारख्या (टेकूवरून लांब पल्ल्यावर झाडायच्या) प्रकारात तर घरी भरलेले काडतूस हाच नियम आणि दुकानातले हा अपवाद. दारूचे वजन, गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, पुंगळीच्या मानेची पकड किती, या गोष्टी बदलून ते काडतूस आपल्या नळीला जुळवून घेतात.

पॉइंट टू-टू रिमफायर आहे. त्यात वेगळा प्रायमर नाही. पेट घेणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या पोकळ काठात पसरवलेले असते आणि फायरिंग पिन तो काठच चेपते. एकदा चेपलेला काठ पुन्हा उपयोगाचा राहत नाही. त्यामुळे १८८७ सालापासून चालत आलेले हे काडतूस नेमबाजाच्या दृष्टीने बंद डबा आहे: आत काही बदलता येत नाही, आहे तसे घ्यायचे. रिलोडिंग करणारा नळीला जुळेल असे काडतूस बनवतो, पॉइंट टू-टूवाला तसे काडतूस हुडकतो.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे बनवण्यासाठी परवाना लागतो. परदेशी व्हिडिओ पाहून परवान्याशिवाय घरी काडतुसे भरायचा प्रेस बसवणे हा छंद ठरत नाही, गुन्हा ठरतो.

किती फरक पडतो

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिमी. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचे केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत पडले की काम झाले. दुसऱ्या शब्दांत, सगळी छिद्रे मिळून बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत २१.६ मिमीच्या आत मावली आणि ग्रुप बरोबर मध्यावर असला, तर प्रत्येक गोळी दहाची.

चांगली रायफल आणि बरा लॉट यंत्रात धरून झाडले तर हे सहज जमते. म्हणून नवशिक्याला वाटते की टेस्टिंग म्हणजे श्रीमंतांचे चोचले. पण नेमबाजाचा स्वतःचा डोल त्या ग्रुपमध्ये मिसळतो. यंत्रात कडेपासून कडेपर्यंत १५ मिमीचा ग्रुप देणारा लॉट माणसाला चुकायला थोडी जागा ठेवतो. २१ मिमीचा लॉट काहीच ठेवत नाही. उभ्या स्थितीत हात हलला आणि त्याच वेळी काडतूसही त्याच बाजूला गेले, की नऊ. अंतिम फेरीत दशांशात गुण देतात, १०.९ पर्यंत, तिथे प्रत्येक दशांश फक्त ०.८ मिमीचा.

मॅचचे काडतूस मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा कमी वेगाचे, सेकंदाला सुमारे ३३० मीटरच्या आतले ठेवतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडताना गोळी डळमळते. साधारण २.६ ग्रॅमची ही शिशाची गोळी ५० मीटर जायला ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात जवळजवळ १२ सेंमी खाली येते. आता दोन काडतुसांच्या वेगात २ टक्के फरक आहे असे धरू. मंद गोळी जलद गोळीच्या सुमारे ५ मिमी खाली लागेल. १०.९ व्हायची ती १०.३ होईल, आणि नेमबाज बिचारा आपल्या श्वासात चूक शोधत बसेल.

प्रत्यक्षात हे गणित इतके सरळ राहत नाही. गोळी निघताना नळी कंप पावत असते. मंद गोळी जरा उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी नळीचे तोंड वर जात असेल तर ती आपोआप थोडी वर फेकली जाते आणि फरक भरून निघतो. हा कंप प्रत्येक नळीचा वेगळा. चेंबरचे (नळीच्या काडतूस बसते त्या भागाचे) माप आणि नळीच्या आतला घट्टपणाही थोडाथोडा वेगळा. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, लागोपाठ क्रमांकाच्या दोन रायफलींना वेगवेगळे लॉट आवडतात. ‘मित्राच्या रायफलला हा लॉट मस्त चालला’ या वाक्याला रेंजवर फार किंमत आहे, असायला नको.

कारखान्यातली चाचणी

लापुआ, आरडब्ल्यूएस आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची एली ही मॅच काडतुसांतली ठळक नावे. लापुआ हे मुळात फिनलंडमधल्या एका गावाचे नाव, पण या कंपनीची रिमफायर काडतुसे जर्मनीत शोनेबेक येथे बनतात. अशा कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातो. सहसा दस्ता काढून अॅक्शनसह (बोल्ट आणि चापाच्या यंत्रणेसह) नळी पोलादी पकडीत आवळतात आणि बंदिस्त रेंजवर एकामागून एक लॉट झाडतात. प्रत्येक लॉटच्या दहा-दहाच्या चार फेऱ्या, मग चाळीसही गोळ्या एकावर एक ठेवून काढलेले चित्र, असा अहवाल मिळतो. आवडलेला लॉट तिथेच राखून ठेवता येतो.

हा अहवाल वाचताना नजर आधी चाळीसच्या चित्रावर टाकावी. दहाच्या एखाद्या फेरीचा देखणा आकडा फसवा असतो.

आपल्या रेंजवर

बर्मिंगहॅम-शोनेबेकची वारी बहुतेकांना परवडत नाही. तेव्हा वितरकाकडून किंवा सोबतच्या नेमबाजांकडून चार-सहा लॉटची प्रत्येकी दोन खोकी मिळवायची आणि आपल्याच रेंजवर बसायचे. खोक्यात ५० काडतुसे असतात, विटेत (दहा खोक्यांच्या गठ्ठ्यात) ५००, पूर्ण पेटीत ५,०००. एलीच्या खोक्यावर लॉट क्रमांकाबरोबर त्या लॉटचा वेगही सेकंदाला किती फूट हे छापलेले असते. एखाद्या नळीला अमुक वेगाच्या आसपासचे लॉट बरे चालतात असा कल काही खोक्यांनंतर दिसू लागतो, पण त्यावर डोळे झाकून खरेदी करू नये.

वाळूच्या पिशव्यांवर किंवा स्टँडवर रायफल टेकवून, शक्यतो भल्या सकाळी वारा उठण्यापूर्वी काम सुरू करावे. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजणीत धरू नयेत. गोळीवर मेणचट वंगण असते, आणि आधीच्या लॉटचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत नळी रुळत नाही. बनावटच वेगळी असेल तर आणखी थोड्या गोळ्या द्याव्यात. घाई करणारे नेमके इथे चुकतात: चौथा लॉट वाईट ठरतो, आणि तो असतो तिसऱ्याच्या थरावर झाडलेला.

पाच गोळ्यांच्या ग्रुपवरून निकाल देऊ नये, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी सल्ला. पाच गोळ्या नशिबानेही एका छिद्रात जातात. सहा लॉट, प्रत्येकी पाच गोळ्या, आणि सर्वांत लहान ग्रुपवाला विजेता, असे केले तर बहुधा सर्वांत नशीबवान लॉट निवडला जातो. निदान ४० गोळ्या झाडाव्यात, दहाच्या चार फेऱ्यांत, आणि फेऱ्या आलटूनपालटून घ्याव्यात, म्हणजे दुपारच्या वाऱ्याचा फटका एकट्या शेवटच्या लॉटला बसणार नाही. पहिल्या दोघांची दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा घ्यावी. पहिल्या दिवसाचा विजेता दुसऱ्या दिवशी थोडा फुगतोच; फार फुगला तर सोडून द्यावा.

कागद हातात घेतला की ग्रुपचा आकारही बोलतो. उभा लांबट ग्रुप वेगातला चढउतार दाखवतो किंवा टेकू नीट नसल्याचे सांगतो. आडवा लांबट असेल तर आधी वाऱ्यावर संशय घ्यावा. नऊ गोळ्या एकत्र आणि एकच बाहेर, तो फ्लायर. तो ‘माझ्या हाताने गेला’ म्हणून वगळायचा मोह होतो. पण वगळायचा तर गोळी सुटताच, लक्ष्यावरचे छिद्र पाहण्यापूर्वी तसे म्हटलेले असावे. नंतर सुचलेली सबब धरायची नाही.

काडतुसांच्या काठाची जाडी गेजने मोजून किंवा एकेक तोलून वर्गवारी करणारेही आहेत. मॅच दर्जाच्या चांगल्या लॉटमध्ये त्या कष्टातून फारसे हाती लागत नाही. तोच वेळ रिकाम्या रायफलच्या सरावाला द्यावा.

साठवण आणि शिस्त

निवडलेला लॉट जपावा लागतो. उन्हात उभ्या गाडीत खोकी ठेवली तर वंगण मऊ होऊन ओघळते. थंडीत ते घट्ट होते आणि दारूही मंद जळते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद डबा आणि त्यात सिलिका जेल ही किमान काळजी. स्पर्धेला जाताना काडतुसे नेमबाजाच्याच तापमानात, सावलीत असावीत. दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंह रेंजवर जानेवारीत आणि पुण्याच्या बालेवाडीत एप्रिलमध्ये एकच लॉट तसाच वागेल असे गृहीत धरू नये. सरावाला स्वस्त काडतूस आणि स्पर्धेला मॅचचे, अशी विभागणी सगळेच करतात; मात्र स्पर्धेआधीचे काही दिवस तरी स्पर्धेच्याच लॉटवर काढावेत.

चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ झाला तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी लक्ष्याकडेच ठेवायची, हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवायचे, थोडे थांबायचे. न उडालेले काडतूस खिशात टाकू नये. रायफल खाली ठेवताना चेंबरमध्ये नारिंगी सुरक्षा-दोरी असलीच पाहिजे. शिसे हाताला लागते, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही. रेंजवर वडापाव आणणाऱ्यांना हे दर वेळी सांगावे लागते.

महाराष्ट्र

५० मीटर रायफलशी महाराष्ट्राचे, त्यातही कोल्हापूरचे नाते जुने आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून झाडायच्या प्रकारात) ६०० पैकी ५९७ गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले. असे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले. या स्पर्धेत गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा २०-२० गोळ्यांच्या पात्रता फेरीत त्यांनी ५९० गुण मिळवले आणि सातव्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली. तिथे त्यांचे गुण ४५१.४ झाले.

१० मीटर एअर रायफलमध्ये दारू नसली तरी छर्ऱ्यांची निवड अशीच होते. तिथे लॉटबरोबर छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास, ४.४९ की ४.५० मिमी, हाही तपासतात.

जुळलेला लॉट कायमचा नसतो. पेटी संपत आली की वितरकाला फोन जातो, आणि बहुतेक वेळा तो क्रमांक संपलेला असतो. मधल्या काळात नळीही हजारो गोळ्यांनी झिजलेली असते, म्हणून जुन्या टिपणावर न जाता नवे चार-सहा लॉट मागवून पुन्हा पिशव्या मांडाव्या लागतात.