स्टीअरिंग डावीकडे, रस्ता जपानचा

जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश टोकियोला गेले, तेव्हा जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे प्रमुखही सोबत होते. जपान आमच्या गाड्या घेत नाही, ही त्यांची तक्रार. जपानने मोटारींवरचं आयात शुल्क तर 1978 मध्येच शून्यावर आणलं होतं. डीलर मिळण्यातल्या अडचणी आणि तपासणीचे किचकट नियम हे अडथळे खरे होते. पण जपानमध्ये आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणजे स्टीअरिंग उजवीकडे हवं; आणि अमेरिकेहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं स्टीअरिंग मात्र डावीकडे होतं. टोलनाक्यावर पैसे द्यायचे तर शेजारच्या सीटवरून पलीकडे वाकायचं, ओव्हरटेक करताना समोरून काय येतंय ते दिसायचं नाही. अशी गाडी कोण घेईल?

याला निव्वळ आळस म्हणता येणार नाही. स्टीअरिंग उजवीकडे न्यायचं तर डॅशबोर्ड, पेडल, वायरिंग सगळ्याची मांडणी बदलते, साचे नवे लागतात, चाचण्या पुन्हा होतात. हा पैसा पहिली गाडी विकण्याआधी ओतावा लागतो आणि गाडी चालली नाही तर बुडतो. अर्थशास्त्रज्ञ मार्क मेलिट्झ यांनी 2003 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात असा खर्च कळीचा आहे: ज्यांना तो पेलवतो त्याच कंपन्या परदेशी बाजारात उतरतात. 2000 साली अमेरिकेतल्या सुमारे 55 लाख कंपन्यांपैकी जेमतेम 4 टक्के निर्यात करत होत्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या 10 टक्क्यांकडेच 96 टक्के निर्यात एकवटली होती. एका चलनाची, एका भाषेची अवाढव्य बाजारपेठ दारातच असताना बाकीच्यांना बाहेर पडायची निकड नव्हती.

मला मात्र हा हिशेब अपुरा वाटतो. टोयोटाने 1957 मध्ये अमेरिकेत कंपनी थाटली आणि क्राउन ही गाडी विकायला काढली, तीही डाव्या स्टीअरिंगची. तिथल्या हायवेवर ती धापा टाकू लागली, इंजिन तापायचं. विक्री आवरती घ्यावी लागली. पण अमेरिकी रस्ता काय मागतो हे त्या फजितीतून कळलं, आणि 1965 मध्ये दमदार इंजिनाची कोरोना नावाची गाडी आली, ती खपली. हे शिक्षण घरबसल्या मिळत नाही.

क्रायस्लरनेही पुढे उजव्या स्टीअरिंगची जीप चेरोकी जपानला पाठवली. 2017 पासून तर जपानसाठीची जीप कंपास पुण्याजवळच्या रांजणगावातून जाऊ लागली, कारण उजव्या स्टीअरिंगच्या गाड्या तिथे आपल्या बाजारासाठी बनतच होत्या.