शोधनिबंधांचा शोध (विद्यापीठ ग्रंथालयातील डेटाबेसमधून)

विद्यापीठाने वर्गणी भरून घेतलेल्या डेटाबेसमधून आपल्या विषयाचे लेख हुडकण्याची पद्धत. भारतात यातील बरीच सोय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत होते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके मिळू लागली. आवारात असताना आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळख पटते. घरी बसून गुगलवरून थेट प्रकाशकाच्या पानावर गेल्यास मात्र पैसे मागितले जातात आणि ग्रंथालयाने घेतलेला लेखही सोडून दिला जातो. अशा वेळी ग्रंथालयाच्या पानावरून किंवा इन्फेड या इन्फ्लिबनेटच्या लॉगिन-सेवेच्या खात्याने आत शिरावे.

महाराष्ट्राविषयी शोध घेताना सर्वांत मोठी अडचण रोमन लिपीतल्या स्पेलिंगची असते. ‘वारकरी’ हा शब्द कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात ‘जे-एन’, ‘डी-एन-वाय’ अशी निरनिराळी दिसते. जुन्या लेखांत पुणे ‘पूना’ असते. म्हणून वारकरी स्त्रियांवरचे लेख शोधताना आधी कागदावर दोन गट करावेत. पहिल्यात वारकरी शब्दाची सर्व रूपे आणि पंढरपूर. दुसऱ्यात स्त्री, लिंगभाव यांचे इंग्रजी शब्द आणि जनाबाई, मुक्ताबाई, बहिणाबाई ही नावे. नावे विसरू नयेत, कारण पुष्कळ लेखांच्या शीर्षकात ‘स्त्री’ हा शब्दच नसतो. गटातले शब्द ‘ऑर’ने जोडून प्रत्येक गट कंसात टाकावा आणि दोन्ही गट ‘अँड’ने जोडावेत. कंस टाळू नयेत: सगळे डेटाबेस ‘ऑर’ आणि ‘अँड’ एकाच क्रमाने सोडवतीलच असे नाही, त्यामुळे त्याच शब्दांची उत्तरे बदलू शकतात. जेस्टोर या नियतकालिकांच्या पूर्ण मजकुराच्या डेटाबेसमध्ये हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांतच टंकावे लागतात. सलग शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालावा. शब्दाच्या शेवटी * दिल्यास त्याची पुढची रूपेही येतात.

एकच शोध दोन ठिकाणी अगदी वेगळा का वागतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जेस्टोर मूळ लेखाचा पूर्ण मजकूर चाळते, त्यामुळे तळटीपेतला एखादा उल्लेखही पकडला जातो आणि हजारो नोंदी समोर येतात. तेथे पुस्तक-परीक्षणे गाळून फक्त लेख निवडावेत, पण गोषवाऱ्यापुरता शोध मर्यादित करू नये. बहुतेक लेखांना गोषवाराच नसतो. स्कोपस या लेखांच्या नोंदींच्या डेटाबेसचा नेहमीचा शोध शीर्षक, गोषवारा आणि विषयशब्द एवढाच असतो. तेथे शून्य नोंदी आल्यास एखादा गट काढून पाहावा. शिवाय स्कोपसमध्ये लेखाची माहिती मिळते, मजकूर प्रकाशकाकडे असतो. जेस्टोरवर अनेक नियतकालिकांचे ताजे, बहुधा तीन ते पाच वर्षांतले अंक नसतात.

एक चांगला लेख सापडला की त्याची संदर्भसूची वाचून मागे जावे आणि त्याचा आधार घेणारे लेख पाहून पुढे यावे. शब्दांनी न सापडलेले कितीतरी साहित्य या वाटेने हाती लागते.

मराठी नियतकालिकांतले लेख या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये फार थोडे असतात. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील मराठी प्रबंधांच्या संदर्भसूच्यांतून त्यांचा माग लागतो. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारखे अंक मात्र ग्रंथालयाच्या कपाटांतही शोधावेत. अंक आपल्याकडे नसेल, तर लेखक, शीर्षक, वर्ष, खंड आणि पृष्ठे देऊन ग्रंथपालांकडे मागणी नोंदवावी. विद्यापीठ डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असेल, तर त्यातल्या दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवता येते.