इनस्क्रिप्ट कळफलक

संगणकाच्या नेहमीच्या इंग्रजी कळफलकावरूनच देवनागरी आणि इतर भारतीय लिप्यांत मजकूर टंकलिखित करता यावा म्हणून ठरवलेली कळांची प्रमाण मांडणी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये पुढे आणली आणि भारतीय लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्यासाठीच्या १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत ती अंगभूत असते.

या मांडणीचा पाया वर्णमालेतच आहे. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात. मधल्या ओळीत प, क, त, च, ट ही कठोर व्यंजने असून त्यांच्या लगतच्या वरच्या ओळीत, त्याच क्रमाने, ब, ग, द, ज, ड ही मृदू व्यंजने आहेत. शिफ्ट दाबून यांपैकी कोणतीही कळ दाबली की तिचा महाप्राण जोडीदार उमटतो, म्हणजे क चा ख आणि ग चा घ होतो. स्वरांचेही तसेच आहे : नुसत्या कळेने मात्रा आणि शिफ्टसह पूर्ण स्वर मिळतो. अनुनासिके मात्र या सुबक रचनेत बसलेली नाहीत; म आणि न खालच्या ओळीत डाव्या हाताला आहेत.

टंकलेखनाचा क्रम डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराचा नसून उच्चाराचा असतो, आणि हेच या मांडणीचे खरे सामर्थ्य आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी कागदावर आधी दिसत असली, तरी येथे आधी क आणि मग वेलांटीची कळ दाबतात. याउलट टंकलेखन यंत्रावरून आलेल्या रेमिंग्टन पद्धतीत वेलांटी आधी येते, त्यामुळे यंत्रावर हात बसलेल्यांना सुरुवातीला अडखळायला होते. जोडाक्षरांसाठी वेगळे आकार लक्षात ठेवावे लागत नाहीत. इंग्रजी डी च्या कळेवरील हलन्त दोन व्यंजनांच्या मध्ये दिला की ती जोडली जातात : क, हलन्त, ष मिळून क्ष होतो, तर ‘सूर्य’ मधला रफार र, हलन्त, य या क्रमाने आपोआप वर चढतो.

ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्याने बंगाली, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू यांतही क त्याच कळेवर सापडतो. एका लिपीत बसलेला हात दुसरीत चालतो, हा या मांडणीचा मोठा लाभ आहे.

मराठीपुरते पाहिले तर या समानतेची थोडी किंमत मोजावी लागते. मराठीत पदोपदी येणारे ण आणि ळ अनुक्रमे म आणि ल यांच्या कळांवर शिफ्टसह ठेवलेले आहेत. ‘आणि’ एवढा शब्द लिहायलाही शिफ्ट दोन अक्षरांसाठी लागते. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतील अर्धा र मात्र सोयीने साधतो : शिफ्टसह र ची कळ, मग हलन्त आणि पुढचे व्यंजन.